नाली निवळ वाहिली तो दिवस

आमच्या गावाला वर्तमानपत्र दुपारच्या एसटीनं यायचं आणि बातमी सकाळीच आमच्या नालीतून वाहून जायची. आम्ही रंगारी. घर गावाच्या उंचवट्यावर, परसात दगडी हौद, हौदाच्या बुडाला लाकडी बूच मारलेलं एक भोक, आणि त्या भोकातून निघालेली नाली आळी ओलांडून, पिठाच्या गिरणीसमोरून, मोरीखालून थेट ओढ्याला जायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, लाल रंग उकळला की खाली गावाला कळायचं, कुणाच्या तरी घरी लग्नाचे फेटे रंगायलेत. हिरवं पाणी आलं की कुणाची तरी लेक दिवस राहून माहेरी यायची आहे, तिच्यासाठी हिरवं लुगडं निघालंय. संक्रांतीच्या आधी काळ्या लुगड्यांचा घाणा, म्हणजे रंगाची खेप, निघाला की नालीत नुसतं डांबर. मोरीपाशी एक सपाट दगड होता, त्यावर किसनराव बसलेले असत. त्यांना भरपूर शेत होतं, शेत पुतण्यांच्या हवाली केलेलं होतं आणि स्वतः ते ह्या दगडाचे मालक होते. पाण्याकडं बघून ते गावाला बातमी द्यायचे. एका बाईला दिवस गेल्याचं त्यांनी तिच्या नवऱ्याच्या आधी सांगितलं होतं, आणि तो नवरा खात्री करून घ्यायला बायकोकडं न जाता आमच्याकडं आला होता. हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मी जे डोळ्यांदेखत झालं म्हणते त्यातलं निम्मं तरी झालेलं असतं.

घरात मोगरीनं कापड बडवायचा आवाज, भट्टीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या तडतडायचा आवाज आणि माझा आवाज. ह्यात सगळ्यात मोठा माझा. माझी हाक वालूरच्या बाजारात ऐकू येते असं माय म्हणायची, आणि वालूर काही जवळ नाही. मायच्या हातची भाकरी म्हणजे आमचं दिवसाचं कॅलेंडर. सकाळी ती घाण्यात हात घालायची आणि मग पीठ मळायची, त्यामुळं भाकरीवर बोटांचे ठसे उमटायचे, ज्या दिवशी जो रंग त्याचे. मी गुलाबी बेसन खाल्लंय. बेसन म्हणजे ज्याला तिकडं पुण्याकडं पिठलं म्हणतात ते. जांभळ्या ठेच्यासोबत निळसर भाकरी खाल्लीय आणि ती खाऊन बारावी सायन्स पास झालेय. एकदा अण्णांच्या डोक्यात आलं की पाणी नालीत कशाला, परसात खड्डा खणून मुरवावं. आमची काळी जमीन, उन्हाळ्यात हातभर भेगाळलेली. ते पाणी झिरपलं ते शेजारच्या आडात. सगळ्या आळीचं वरण हिरवं झालं, शेजारच्या म्हशीनं दूध हिरवं दिलं, आणि त्याचं दही लावलं तर ते पोपटी लागलं. माझी नातवंडं ह्या दह्यावर हसतात. हसू द्या. खड्डा अण्णांनी त्याच दिवशी बुजवला, एवढं खरं धरलं तरी माझं पुढचं सांगणं अडत नाही.

सुरेश माझा थोरला भाऊ. परभणीला होस्टेलला राहून शिकत होता. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तो घरी आला तो डोळे पिवळे करून. आमच्या घरात तोवर जो पिवळा निघाला तो सगळा अण्णांच्या हातचा होता. हा एकच बाहेरून आला, आणि तो अण्णांना काढता आला नाही. दवाखाना झाला, झाडपाला झाला. मग एका सकाळी त्याला अंगणात न्हाऊ घातलं, ते पाणी नालीला गेलं. स्मशानातून परत आलेल्या माणसांनी आमच्याच दारात आंघोळी केल्या, मग घरादारानं केल्या, ते पाणी नालीला गेलं. एरवी काम नसलं की आमची नाली कोरडी असायची. काठोकाठ भरून आणि बिनरंगाची ती फक्त मयताला वाहायची. खाली किसनराव दगडावरून उठले आणि त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला. गावात सांगायला माणूस पाठवावा लागला नाही. आमची चूल पेटली नाही, गावातून भाकऱ्या आल्या, बेसन आलं. ती भाकरी परत न्यायची नसते आणि घरच्या माणसानं घास घेतल्याशिवाय आणणारीनं उठायचं नसतं, अशी आमच्याकडची रीत. बायका गळ्यात पडून रडल्या. माय मात्र समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. तिला रडू यावं म्हणून कुणीतरी तिच्या पाठीत चापट्या मारत होतं, ‘रड गं माय, रड,’ म्हणत होतं, आणि प्रत्येक चापटीसरशी ती थोडी पुढं हलत होती, गोणी हलावी तशी.

सुतकात भट्टी बंद. तेव्हा मी पहिल्यांदा आईबापाचे हात बिनरंगाचे पाहिले. नखांतला रंग हळूहळू वर सरकत गेला आणि एक दिवस कापला गेला. खाली पांढरी नखं निघाली, परक्या माणसांची असावीत तशी. मग भट्टी पुन्हा पेटली, घर चालू झालं. बटन बंद केल्यावर पंखा जसा काही वेळ फिरत राहतो तसं ते चालू होतं. अण्णा खोकायचे, माय भाकऱ्या थापायची, मी एसटीनं परभणीला कॉलेजात जायची आणि संध्याकाळी येऊन दिवसभरात न झालेल्या गोष्टी सांगायची. आमच्या कंडक्टरला वाटेत वाघ भेटल्याचं मी ह्याच काळात सांगितलं. कुणी हसलं नाही. कुणी खोटं पाडलं नाही. मी आणखी एक वाघ घातला, तरी अण्णा म्हणाले, ‘हं.’

थंडीत मिलिंद आला. तो भीमनगरचा, सुरेशच्या बरोबरीचा, होस्टेलात त्याच्याच खोलीत राहणारा. उंबऱ्यापाशी उभा राहिला. अण्णांनी आत बोलावलं तेव्हा आत आला, पण बसला नाही.

‘काका, सुरेश तुमाला काई बोलला व्हता का?’

‘कशाचं?’

‘निळ्याचं. परभणीला मोर्चा हाय आमचा. झेंडे पायजेत. कापड आमी आणून देतो.’ त्यानं हौदाकडं बघितलं. ‘सुरेश म्हनला व्हता, माझा बाप असं निळं काढतो की वाऱ्यानं फाटंल, पर इटणार न्हाई.’

‘असं म्हनला?’

‘असंच.’

ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून आधी एकदा आमच्या जिल्ह्यात घरं जळलेली होती आणि ज्यांची जळली ती माणसं भीमनगरसारख्या वस्त्यांतलीच होती. त्या थंडीत पुन्हा सगळं तापलं होतं. गावची बैठक होऊन ठरलं होतं की निळं कापड गावात दिसणार नाही आणि जो कुणी त्यांना हात देईल त्याच्याशी गावाचं देणंघेणं बंद. गिरण्यांच्या रंगीत कापडानं अण्णांचा धंदा निम्मा खाल्लेलाच होता. उरलेला निम्मा म्हणजे ह्याच गावाचे फेटे आणि ह्याच गावाची लुगडी. शिवाय देणंघेणं बंद म्हणजे नुसतं तेवढंच नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. भट्टी फोडायला एक पहार पुरते आणि पहार घरोघरी असते. अण्णांनी भट्टीतली राख काठीनं सारली. मिलिंद जायला वळला तेव्हा ते बोलले.

‘पक्कं म्हनल्यावर मीठ जास्ती लागंल.’

हाच त्यांचा होकार. मायनं चहा ठेवला.

कापड रंगवायची अडचण नव्हती. अडचण रंगलेल्या कापडामागं उरणाऱ्या पाण्याची होती. दार बंद करता येतं, नाली कशी बंद करणार? एवढा निळा घाणा मोरीखालून गेला की किसनरावांना चष्माही लावावा लागला नसता. खड्ड्यात मुरवायची सोय नव्हती, ते हिरवं वरण सगळ्या आळीच्या ध्यानात होतं. ब्लीचिंग पावडर टाकली तर रंग मरतो, पण वास सेलूच्या स्टेशनावर गाडीतून उतरणाऱ्याला येतो. अण्णा म्हणाले, ‘न्हाई जमायचं.’ आणि मी म्हणाले, ‘जमतंय.’ मी पुष्कळ गोष्टींना जमतंय म्हणायची, पण ह्या वेळी माझ्याकडं आधार होता.

आधार म्हणजे आमचे नळीसर. रसायनशास्त्राचे. त्यांच्या हातात सदोदित काचेची नळी असायची. घरी जेवतानाही ते नळीनंच वरण ढवळतात असं मी वर्गात पसरवलं होतं. त्यांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात स्वतःचं एक वेड मांडलं होतं. स्वेटरची लोकर, मेंढीची नाही, ती मशीनची, दुकानात जिच्या गुंड्या, म्हणजे गोळे, मिळतात ती. ती म्हणे लोकर नसतेच, प्लास्टिकची भावकी असते. साध्या गुंडीला लोखंड धरत नाही, पाण्यासारखं ओघळून जातं. पण आधी ती एका औषधात उकळली की धाग्याला जणू बोटं फुटतात, आणि मग लोखंडाच्या पाण्यात बुडवली की ती बोटं लोखंड अशी आवळतात की पिळा, धुवा, आपटा, सुटत नाही. पांढरी गुंडी गंजाच्या रंगाची होऊन बसते. ती सर निळ्या पाण्याच्या पेल्यात सोडायचे, वर पराक्साइड घालायचे, पेला खिडकीत उन्हाला ठेवायचे आणि तास घ्यायला जायचे. परत येईतो पाणी निवळ.

‘सर, रंग गेला कुठं?’ मी विचारलं होतं.

‘मोडला. त्याच्या कणांचे तुकडे झाले. तुकड्यांना रंग नसतो, एवढंच.’

‘आणि लोकरीचं काय झालं?’

‘तिचं काय होणार? दोघांत भांडण लावणारी बाई बघितली का कधी? दोघं मोडतात, ती तशीच्या तशी दुसऱ्या आळीला जाते. हा धागा धू आणि पुढच्या पेल्यात घाल.’

मी गाववाली, मला ती बाई चांगलीच माहीत होती. सरांना मी सांगितलं की घरच्या नालीचं पाणी स्वच्छ करून बघायचंय. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी कुठल्या रंगाचं, ते विचारलंच नाही. औषधाची बाटली चिंध्यांत गुंडाळून दिली, हातमोजे दिले आणि उघड्यावर उकळ, वाफ घेऊ नको, असं दहादा बजावलं. मी ती बाटली डब्यात घालून एसटीनं मांडीवर आणली. शेजारची बाई म्हणाली, ‘डब्यात काय हाय गं?’ मी म्हणाले, ‘नागीण.’ तिनं सीट बदलली.

आधी मी आडमार्ग करून पाहिला होता. रंगाऱ्याच्या घरी हिराकस असतोच, तोही लोखंडाचाच, आणि लुगडी पांढरी करायला पराक्साइडचा कॅनही असतो. बादलीभर निळ्या पाण्यात नुसता हिराकस आणि पराक्साइड टाकलं. निळं गेलं, पण बुडाला विटकरी चिखल बसला. तो नालीतून गेला असता तर किसनरावांनी गावाला नवाच कुठला तरी सण जाहीर केला असता. म्हणजे लोखंड पाण्यात सुटून उपयोग नव्हता, ते धाग्याला बांधलेलंच हवं होतं. काम झालं की धागा उचलायचा, मागं काही राहत नाही.

सरांचा पेला आणि आमचा हौद ह्यात फरक होता. हौदात म्हैस आणि तिचं रेडकू दोघं पोहली असती. मी परभणीहून गुंड्या आणल्या, चुलीपासून लांब परसात उकळल्या, लोखंडाच्या पाण्यात मुरवल्या. दोरीवर टांगल्या तेव्हा वाटलं पुष्कळ आहेत. हौदापुढं त्या म्हशीच्या अंगावरच्या चार केसांसारख्या दिसल्या. दुकानात पुन्हा जायचं तर मोर्च्याच्या आधी एसटी बंद पडणार असं सगळीकडं बोललं जात होतं. आम्ही तिघं तिथं उभे होतो. माय आत गेली आणि सुरेशचं स्वेटर घेऊन बाहेर आली. मीच विणलेलं, राखी रंगाचं, त्याच लोकरीचं.

‘ते नको,’ मी म्हणाले.

‘कोणाला व्हईल आता?’ माय म्हणाली.

ती भिंतीला टेकून बसली आणि गळ्यापासून उसवायला घेतलं. मी कसं विणलं होतं ते मला माहीत होतं. कुठं टाका चुकला होता, कुठं मी दोन टाके एकात घेऊन चूक झाकली होती. त्या जागी धागा अडायचा, माय ओढायची, सुटायचा. उसवलेली लोकर सरळ होत नाही, अंगाचा वाक धरून वळवळीत राहते. माय ती गुडघ्याभोवती गुंडाळत गेली. गळा गेला, खांदे गेले, एक बाही गेली. अण्णा भट्टीत पऱ्हाट्या सारत होते. मी काहीतरी बोलत होते, कंडक्टरचंच बहुतेक. मला त्या वेळी काही वाटलं का, असं माझी नात मध्ये विचारत होती. मी तिला खरं सांगितलं, मला बोटांना गार लागत होतं. एवढंच आठवतं. स्वेटर संपलं तेव्हा मायच्या गुडघ्यावर एक गुंडी होती आणि ती मायनं माझ्या हातात दिली, ‘घे. उकळ.’

घरात काम चाललंय हे कुणाला कळू नये म्हणून आम्ही दाराला कडी घातली आणि बाहेर सांगायला एक कारण ठरवलं, अण्णांना ताप आहे, भट्टी बंद आहे. सांगायचं काम माझ्याकडं आलं. माझ्याकडं काम आलं म्हणजे ताप नुसता ताप कसा राहील? गिरणीवाल्या गयाबाईला मी ताप सांगितला. मोरीपाशी किसनरावांना भेटेपर्यंत त्याचा निमोनिया झाला होता, आणि परत येताना पाण्याच्या हापशावर मी बायकांना सांगितलं की परभणीच्या डॉक्टरांनी हात टेकलेत, आता माणसाच्या हातात काही नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, चांगलं झालं, आता कुणी लुगडं घेऊन दार वाजवणार नाही.

निळं निघालं ते असं की मी पुन्हा तसं पाहिलं नाही. अण्णा कढईवर वाकून काठीनं कापड वरखाली करत होते, मीठ घालत होते, चिमटीत कापड धरून उन्हात बघत होते, आणि खोकला आला की बाजूला तोंड करून खोकत होते, रंगात थुंकी पडू नये म्हणून. परसात दोऱ्या बांधल्या, एकीखाली एक. कापडं वाळत पडली आणि वरचं आभाळ दिसेनासं झालं. मग सगळं उरलेलं पाणी हौदात. मी त्यात थोडं ॲसिड टाकून ते आंबट केलं, सरांनी सांगितलं होतं तेवढंच. गंजक्या गुंड्या उलगडून काठ्यांना बांधून आत सोडल्या, पराक्साइड ओतलं. दुसऱ्या दिवशी ऊन वर चढलं तसं धाग्यांना बारीक बारीक बुडबुडे धरायला लागले. हौदातला निळा आधी काठाला फिकटला, मग मधोमध. दुपारी तो पावसाळ्यातल्या आभाळासारखा झाला, नंतर धुतलेल्या पाटीसारखा, आणि तिसऱ्या प्रहरी हौदाच्या तळाचा दगड दिसला. तो दगड मी जन्मात पाहिला नव्हता. त्यावर एक चीर होती. ॲसिडपुरता चुना घालून मी पाणी सारखं केलं आणि काठ्या बाहेर काढल्या. सुरेशची लोकर कुठली आणि दुकानची कुठली, ते आता रंगावरून सांगता येत नव्हतं.

अण्णांनी पेल्यात पाणी घेतलं, उन्हाला धरलं.

‘लेकी,’ ते म्हणाले, ‘आडातून काढल्यावानी हाय की.’

‘पिऊ नका मात्र.’

‘पीत न्हाई. बघायलोय.’

त्यांनी बूच काढलं. पाणी नालीला लागलं, काठोकाठ, निवळ, बिनरंगाचं, आळी ओलांडून, गिरणीसमोरून, मोरीकडं. आम्ही तिघं त्याकडं बघत उभे राहिलो. सुरेश गेल्यापासून अण्णा पहिल्यांदाच जरा हसले. आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती नाली गावाला वाचायला दिलेली माणसं आम्ही, आणि आम्हालाच आठवलं नाही की भरून वाहणारं निवळ पाणी कशाचं असतं. आणि घरात तर मी माणूस मरायला टाकलेला होता.

आधी आवाज आला. बायकांचा रडण्याचा आवाज लांबून येतो तेव्हा आधी तो गाण्यासारखा वाटतो. मी म्हणाले, ‘कोण गेलं असंल?’ अण्णा म्हणाले, ‘वरच्या आळीला असंल कोणी.’ आवाज जवळ आला, दाराशी आला. दार हललं. आमची ती कडी नुसती नावाला. बाहेरून खांद्याचा एक धक्का बसला आणि किसनराव आत आले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, ‘शंकरा, आरं असा कसा गेलास रं,’ असं म्हणत, आणि समोर शंकर, म्हणजे माझे अण्णा, हातात पेला घेऊन उभे, कोपरापर्यंत निळे.

मागून बायका शिरल्या. पुढं गयाबाई, तिच्या डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. पुढचीचं रडणं थांबलं, मग तिच्या मागचीचं, मग तिच्या मागचीचं. दाराबाहेर गल्लीत शेवटची बाई एकटीच रडत होती, तिला अजून काही दिसलं नव्हतं. बाकी सगळ्या वर बघत होत्या. दोऱ्यांवरून एवढं निळं लोंबत होतं की त्यांच्या भाकऱ्यांचं पांढरं फडकंही निळं दिसायला लागलं.

‘तू तर जिता हायेस,’ किसनराव म्हणाले.

‘हाव.’

‘निमोनिया?’

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ‘उतरला.’

‘आन ते पाणी?’

आता सांगायची पाळी माझी होती. मी, जिनं एका एसटीत दोन वाघ घातले, त्या मला तोंड उघडता आलं नाही. किसनराव बूच काढलेल्या हौदाकडं बघत होते, काठ्यांना लोंबणाऱ्या गंजक्या लोकरीकडं बघत होते. बैठकीत गावच्या बाजूनं सगळ्यात जोरात बोलला होता तो त्यांचाच पुतण्या, आणि तो बाहेर गल्लीत पुरुषांत उभा होता. त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, ‘तिरडीचे बांबू कुठं टाकायचे?’

तेव्हा माय बोलली. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती, स्वेटर उसवताना बसली होती तिथंच.

‘थांबल्या का गं?’ ती बायकांना म्हणाली. ‘आता आलाच हात तर रडा. त्या टायमाला मला काईच ऐकू आलं न्हाई.’

गयाबाईनं डोक्यावरचं फडकं उतरवलं. परत न्यायचं तर रीत आडवी, ठेवायचं तर वर दोरीवर ते निळं. ती खाली बसली, मायच्या समोर, फडकं मध्ये ठेवलं आणि सुरेशचं नाव घेऊन सुरुवात केली. मग बाकीच्या बसल्या. मी सुरेशच्या मयताला जे रडणं ऐकलं होतं तेच ते, त्याच चालीत, पण ह्या वेळी माय ऐकत होती. मान थोडी तिरकी करून, एकेकीचं, कापड निरखावं तसं ऐकत होती. मधूनच मान हलवत होती. तिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. नंतर तिनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, बेसनाला लावला, खाल्ला.

‘मीठ कमी हाय, गया,’ ती म्हणाली.

‘घाईत केलं, बाई,’ गयाबाई रडतच म्हणाली.

किसनरावांनी डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला. जवळच्या दोरीवरचं कापड अजून ओलं होतं. त्यांनी ते मुठीत धरून पिळलं, मूठ उघडली आणि तळहात उन्हात धरून पाहिला. काही लागलं नव्हतं.

‘पक्का हाय,’ ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. गल्लीत त्यांचा आवाज आला, ‘जिता हाय. चला.’ बांबू उचलल्याचा आवाज आला. मग नुसत्या चपलांचा.

दिवस मावळायला मिलिंद कडब्याची गाडी घेऊन आला. बायका तोवर गेल्या होत्या. कापडाच्या घड्या कडब्याखाली गेल्या. माय त्याला म्हणाली, ‘बस, खा,’ आणि गावाच्या उरलेल्या भाकऱ्या त्याच्यापुढं ठेवल्या. तो बसला. तो कुणाच्या जागेवर बसला ते त्याला माहीत नव्हतं. खाऊन उठला, अण्णांच्या पाया पडायला वाकला तर अण्णांनी हात धरला. मोर्चा मी पाहिला नाही. निळं विटलं की नाही, ते मला मिलिंदनं पुढं कधीतरी सांगितलं, आणि तो माझ्यासारखा वाढवून सांगणारा नाही, म्हणून ते इथं लिहीत नाही. त्याच्या तोंडून ऐकलेलं माझ्या तोंडून खोटं वाटेल.

आमच्या दारावर दगड आला नाही. शिवी आली नाही. भट्टीला पहार लागली नाही. त्या बायकांतली एकही घरी जाऊन बोलली नाही की सगळ्या बोलल्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी माझ्या आयुष्यात जेवढ्या थापा मारल्या त्या सगळ्यांवर लोकांचा विश्वास बसला, आणि त्या दुपारचं सांगितलं की लोक म्हणतात, छबू, आता पुरे. गयाबाई आमची ज्वारी दळून द्यायची, पीठ उंबऱ्यावर ठेवायची आणि आत न येता वळायची. नळीसरांना मी सांगितलं की चाललं, मोठ्या हौदातही चाललं, तेव्हा त्यांनी आनंदानं हातातली नळी मोडली. ह्यावर आता देशोदेशी लोक मोठमोठं लिहितात, असं माझा नातू सांगतो. सुरेशच्या स्वेटरची ती गुंडी माझ्याकडं पत्र्याच्या डब्यात आहे. गंजाच्या रंगाची आहे, अजून वाक धरून आहे.

लगनसराई आली. गावाचे फेटे रंगायला सेलूला गेले. लुगडी तयार रंगाची आली. अण्णा रोज सकाळी उठून आडाचं पाणी शेंदायचे, हौद भरायचे, तळाच्या चिरेपर्यंत घासून धुवायचे, जणू दुपारी घाणा लागणार आहे, आणि बूच काढायचे. त्या उन्हाळ्यात आमची नाली रोज काठोकाठ वाहिली, निवळ, बिनरंगाची. खाली किसनराव दगडावर बसून तिच्याकडं बघत असायचे. भाकरी घेऊन कुणी आलं नाही.